दोरा धरणारा दात

मी एक जुना दात आहे, मित्रांनो. वेसाव्याच्या हरेश्वर कोळ्याच्या खालच्या जबड्यात, उजव्या बाजूला, सुळ्याच्या लगेच मागे माझी जागा. मला धड दातही म्हणत नाहीत आणि धड दाढही. डॉक्टर लोक उपदाढ म्हणतात. हरेश्वर मला नुसते 'तो' म्हणतो. "तो आज गप हाय." "तो उठला बग." एवढ्यावर घरातल्यांना सगळे कळते.

बाहेरून मी साधाच आहे. एक डोके, एक मूळ. पण आत एक गोष्ट आहे. ती आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे सगळे तिच्यामुळे घडले. दाताच्या मुळातून एक बारीक नळी जाते आणि त्या नळीत नस असते. माझ्यासारख्या दाताला बहुतेक एकच नळी असते. माझी नळी मात्र अर्ध्यावर फुटते. एक फाटा सरळ खाली जातो. दुसरा जिभेच्या बाजूला वळतो आणि केसाएवढा होऊन उतरतो. मी जन्मलोच असा. हे मला माहीत होते आणि दुसऱ्या कुणालाच नव्हते. दाताला बोलता येत नाही. दुखता तेवढे येते.

हरेश्वर दहा-अकरा वर्षांचा असताना दुधाची दाढ हलवून हलवून मी वर आलो. त्याच्या आईने ती दुधाची दाढ खाडीत फेकली आणि मला बोटाने चाचपून पाहिले. सुरुवातीची वर्षे मजेची गेली. ताजे बोंबील, मांदेली, कालवणात भिजलेली तांदळाची भाकरी. माझ्यावर विशेष जोर पडत नसे. खरे दळण मागच्या दाढांचे, फाडणे सुळ्याचे. मी मधला. बापाच्या होडीवर हरेश्वर दर्यात जाऊ लागला, तेव्हा वारा तोंडात शिरला की मला गार वाटायचे. एवढेच माझे दुःख.

मग एका वर्षी होडीवरच्या जाळे ओढायच्या विंचमध्ये दोर अडकला. तो सोडवायला हरेश्वरने डावा हात घातला. अंगठ्याजवळची दोन बोटे गेली. त्या दिवशी तो असा दातावर दात दाबून बसला होता, की आम्ही सगळे एकमेकांत रुतलो होतो. दर्या सुटला. धाकटा भाऊ धर्मा होडीचा नाखवा झाला आणि हरेश्वर किनाऱ्यावर जाळी विणायला बसला.

आता जाळे विणायला दोन्ही हात लागतात. उजव्या हातात दोरा गुंडाळलेली लाकडी सुई, डाव्या हाताच्या चिमटीत गाठ. दोरा ओढला की गाठ आवळते. चिमटी ढिली पडली तर गाठ सरकते, आणि सरकत्या गाठीचे जाळे म्हणजे माशांना उघडे दार. हरेश्वरच्या डाव्या हाताला चिमटीच उरली नव्हती. पहिले काही दिवस तो दोरा अंगठ्याला गुंडाळून बघत होता. जमेना. एका दुपारी चिडून त्याने दोरा तोंडात धरला, मान मागे ओढली, आणि गाठ कडक बसली.

तो दोरा माझ्यावर होता, मित्रांनो.

त्या दिवसापासून मी त्याची चिमटी झालो. काम म्हणजे काय ते मला तेव्हा कळले. विशेषतः जाळ्याची शेपटी, जिथे शेवटी सगळी मासळी येऊन साठते, तिला कोळी लोक खोला म्हणतात. तिची घरे बारीक, गाठी दाट. ती विणावी हरेश्वरनेच. माणसे ओट्यावर येऊन गाठ नखाने खरवडून बघायची आणि म्हणायची, "हातानं नाय, दातानं मारलेली हाय. नाय सरकाची." मी मनातल्या मनात फुगायचो.

सुरुवातीला दोरा सुती होता. रंगवलेला, जरा कडवट, पण मऊ. पुढे नायलॉन आला. निळा, गुळगुळीत, कधी न कुजणारा. सगळ्या कोळीवाड्याला आनंद झाला. मला नाही झाला. सुती दोरा माझ्यावरून जायचा, नायलॉन मला घासून जायचा. वर्षांमागून वर्षे. माझ्या माथ्यावर खाच पडली. मग खाच खोल झाली. मग एकदा मान ओढताना आत कुठेतरी बारीक तडकले. आवाज फक्त मलाच आला.

त्यानंतर मला चैन म्हणून पडली नाही.

आधी गार पाणी झोंबायचे. मग गरम. मग काहीच नसताना ठणका सुरू व्हायचा आणि थांबायचा. आत नस सुजत होती, आणि सुजायला जागा नव्हती. चारी बाजूंनी माझ्याच भिंती. हरेश्वरने लवंग दाबली. मिश्री चोळली. दारूत भिजवलेला कापूस ठेवला. माझी विचारपूस अशी व्हायची, पण दोरा काही सुटत नव्हता. थोडा गप झालो की पुन्हा दोरा. सन शहाऐंशीच्या पावसाळ्यात शेवटी त्याचा गाल लिंबाएवढा फुगला.

तो पावसाळा नेमका महत्त्वाचा होता. पावसात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि नारळी पुनवेला पुन्हा दर्यात जातात. तोवर जाळी तयार हवीत. धर्माने त्या साली नवे जाळे घेतले होते, आणि त्याचा खोला हरेश्वर विणत होता. अर्धा झाला होता. उरलेला अर्धा ओट्यावर निळ्या ढिगासारखा पडला होता.

धर्मा रोज येऊन ढीग बघून जायचा. एके दिवशी तो बोलला.

"दादूस, उपट त्याला. एक दात गेला तं काय मरतंस?"

"आनि दोरा कोन धरील? तुजा बा?"

"आपला बा एकच हाय, दादूस."

ओट्यावरचे सगळे हसले. हरेश्वरही हसायला गेला आणि गाल धरून बसला. धर्मा उठता उठता म्हणाला, "पुनवेआदी झाला नाय तं खोला मी खाडीपल्याड मढला देतंय. तिकरं तीन जन रिकामे बसलेत."

हे त्याने रागाने म्हटले नव्हते. सरळ सांगितले होते. म्हणूनच हरेश्वरला ते लागले. दर्या गेला तेव्हा हाताला हे काम उरले होते. हे गेले तर तो ओट्यावर नुसता बसलेला माणूस होणार होता. दात ठेवावा तर दुखण्याने गाठ मारता येत नाही, आणि काढावा तर गाठ मारायला काही उरत नाही. त्याची ती घालमेल माझ्या मुळापर्यंत पोचत होती.

शेवटी त्याची बायको मथुरा त्याला ओढून अंधेरीला घेऊन गेली. मथुरा अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची. बाजाराच्या पलीकडे, एका चष्म्याच्या दुकानावर, डॉक्टर शुभाने नवा दवाखाना थाटला होता. वय तिशीच्या आतले. बोलणे भरभर. मथुरेकडून ती कोलंबी घ्यायची आणि निवडून घ्यायची, म्हणून मथुरेचा तिच्यावर विश्वास होता.

"काढायचाय का?" शुभाने विचारले.

"व्हय, काढा," मथुरा म्हणाली.

शुभाने छोटा आरसा आत घातला आणि स्टीलच्या दांड्याने माझ्यावर टकटक केले. मी काय ते उत्तर दिले. हरेश्वर खुर्चीतून उडाला. मग तिला माझ्या माथ्यावरची खाच दिसली.

"हे काय केलंत, काका? तार तोडता का दातांनी?"

हरेश्वरने खिशातून निळा दोरा काढला, खुर्चीच्या हाताला बांधला आणि कसे करतो ते दाखवले. मान मागे झाली, गाठ बसली, त्याच्या डोळ्यांत पाणी आले. शुभा बघत राहिली. मग तिने त्याचा डावा हात पाहिला आणि काढण्याचे पुन्हा विचारले नाही.

"दात वाचेल," ती म्हणाली. "आतली नस सडली आहे. ती काढून नळी साफ करायची आणि भरायची. चार-पाच वेळा यावं लागेल. पण काम पुरं होईपर्यंत दोरा बंद. अगदी बंद."

"एकदम?"

"एकदम."

त्याआधी माझा फोटो काढायचा होता. त्या काळी पोस्टाच्या तिकिटाएवढी फिल्म तोंडात ठेवायचे, पेशंटने ती बोटाने आतून दाबून धरायची आणि बाहेरून यंत्राची नळी रोखायची. उजव्या बाजूच्या दाताला डाव्या हाताचे बोट लागते. म्हणजे हात यंत्राच्या आड येत नाही. शुभाने सवयीने सांगितले, "डाव्या हाताचं पहिलं बोट." हरेश्वरने हात वर केला आणि तसाच खाली घेतला.

"मी धरतंय," मथुरा म्हणाली. तिने पदराला हात पुसला आणि बोट नवऱ्याच्या तोंडात घातले. "चावशील तं बग."

तराजूचा काटा हलू न देणारा हात तो. फिल्म तसूभर सरकली नाही. फोटो सरळ, स्वच्छ आला. शुभाने ओली फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. माझ्या मुळात वरून खाली येणारी एक काळी रेघ होती. मध्यावर ती एकाएकी पुसट झाली होती. शुभाने ते पाहिलेही. "वय झालं की नळी आक्रसते," ती स्वतःशीच म्हणाली आणि पुढच्या तयारीला लागली.

मित्रांनो, तिथेच माझा जीव वरखाली झाला. रेघ पुसट झाली होती, कारण तिथे ती दोन झाली होती. पण समोरून पाहिले की एकामागे एक उभी असलेली दोन माणसे एकच दिसतात. माझा दुसरा फाटा पहिल्याच्या मागे लपला होता.

काम सुरू झाले. शुभाने मला वरून उघडले. आतली घाण बाहेर आली आणि किती महिन्यांनी मला हलके वाटले. केसासारख्या बारीक सुया ती एकामागून एक आत उतरवायची, फिरवायची, काढून पुसायची. उग्र वासाच्या औषधी पाण्याने धुवायची. सरळ फाटा स्वच्छ झाला. गाल उतरला. वर पांढरे तात्पुरते सिमेंट भरून तिने हरेश्वरला घरी पाठवले.

चार दिवस तो दोऱ्याकडे बघत ओट्यावर बसला. पाचव्या दिवशी त्याने सुई हातात घेतली. नुसती हात चालू राहावा म्हणून. गाठ घातली, मान गेली मागे. सवय ती. सिमेंटचा तुकडा उडून मथुरेच्या मांदेलीच्या टोपलीत पडला.

पुढच्या खेपेला शुभाने माझ्या भोकातून चिमट्याने काहीतरी बाहेर काढले आणि दिव्यापुढे धरले. निळा धागा.

"हा तुमच्या तोंडात कुठून आला, काका?"

हरेश्वर शाळेत सापडलेल्या पोरासारखा छताकडे बघू लागला.

"एकच गाठ मारली, बाय."

"एक गाठ! मी इथे दोन-दोन तास मान मोडून बसते, आणि तुम्ही एका गाठीत वाट लावता!"

तिने मला पुन्हा धुतले, पुन्हा भरले. त्यानंतर मात्र हरेश्वरने दोऱ्याला हात लावला नाही. मी साक्षीला होतो. माझ्याएवढा जवळचा साक्षीदार दुसरा कोण? त्याने सुईसुद्धा माळ्यावर टाकून दिली.

पण माझा ठणका गेला नव्हता. दुसऱ्या फाट्यातली नस अजून अर्धी जिवंत होती, सडत होती आणि तडफडत होती. गरम काही आले की ती पेटायची. हरेश्वर सकाळी चहाचा घोट घ्यायचा आणि कप खाली ठेवून ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचा. मथुरा बशीत फुंकून गार चहा द्यायची. तो घ्यायचा नाही. "चा गार झाला म्हंजे पानीच," म्हणायचा आणि फेऱ्या मारायचा.

तो पुन्हा दवाखान्यात गेला.

"दाबल्यावर नाय दुखत, बाय. गरम चा लागला का दुखतं."

"नळी तर स्वच्छ आहे," शुभा म्हणाली. तिने सुई आत घालून पाहिली. सुई खाली गेली, कोरडी बाहेर आली. "दोरा?"

"नाय."

"खरं?"

"एकविरा आईची आन."

शुभाने दिवा जवळ ओढला आणि माझ्या कडा चिमट्याने चाचपल्या. धागा नव्हता. ती सरळ झाली आणि म्हणाली, "आज तोंड धुऊन आलात वाटतं."

ती हे हसत म्हणाली होती. खुर्चीत बसलेल्या माणसाला तसे वाटले नाही. हरेश्वर उठला, चप्पल पायात घातली आणि बसची वाट न बघता वेसाव्यापर्यंत चालत आला. वाटेत त्याने दोनदा मला जिभेने ढकलले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. एक धागा खरा सापडला होता, म्हणून आता त्याची शपथही खोटी ठरली होती. त्याला मी खोटे पाडत होतो, आणि तो खरे बोलतो आहे हे ठाऊक असणारा सबंध अंधेरीत मी एकटाच.

इकडे धर्माने मढला निरोप पाठवला. तिथली माणसे आठवडाभरात येऊन निळा ढीग घेऊन जाणार होती.

श्रावण लागायचा होता. श्रावणाच्या आदल्या दिवशी मुंबईत मासळीला जी मागणी येते ती तुम्हाला माहीत असेल. महिनाभर मासे नाहीत, म्हणून त्या दिवशी घरोघर मासे. मथुरा पहाटेच बाजारात गेली. हरेश्वर एकटाच शुभाकडे गेला आणि दारातूनच म्हणाला, "आज उपटून टाका."

शुभाने त्याच्याकडे पाहिले. तीही दमली होती.

"नक्की?"

"नक्की. दोरा गेला, खोला गेला. हा तरी कनाला पायजे?"

"बसा," ती म्हणाली. "काढण्याआधी एक फोटो लागेल. मुळाचा वाक बघायला. तुमच्या मिसेस?"

"बाजारात. आज तिला मरायला फुरसत नाय."

"वनमाला!" शुभाने हाक मारली. वनमाला ही दवाखान्यातली मदतनीस. मग शुभाला स्वतःलाच आठवले. वनमाला मासे आणायला सुट्टी घेऊन गेली होती. बहुधा मथुरेच्याच टोपलीपुढे घासाघीस करत असेल.

आता फिल्म धरायची कुणी? हरेश्वरने उजव्या हाताचे बोट तोंडात घातले. फिल्म धरली गेली, पण त्याचा हात कोपरापर्यंत उजव्या गालाबाहेर आला. नेमका जिथून यंत्राची नळी रोखायची तिथे.

"हात आडवा येतोय, काका."

"तो मंग काढून ठेवू कं? एका हाताचं आदीच झायलंय."

शुभाला हसू आले. "असू दे. फोटो वाकडा येईल, पण येऊ दे. काढायचाच तर आहे." तिने यंत्राची नळी त्याच्या हाताला वळसा घालून पुढे, हनुवटीकडे ओढली आणि तिरक्या बाजूने माझ्यावर रोखली.

मला पहिल्यांदाच कुणीतरी बाजूने बघत होते.

बटण दाबले गेले. कोपऱ्यात फोटो धुवायची काळी पेटी होती. तिच्या बाह्यांत हात घालून शुभाने फिल्म औषधात बुडवली, पाण्यात बुडवली, पुन्हा औषधात. मला दम निघत नव्हता. खुर्चीशेजारच्या ताटात दात काढायचा चिमटा ठेवलेला होता.

शुभाने ओली फिल्म दिव्यासमोर धरली. मग खिडकीपाशी नेली. मग कपाटातून जुना फोटो काढला आणि दोन्ही शेजारी धरले.

"काका, तुम्ही हललात का?"

"नाय. आता आनखी कोनाची आन घेऊ?"

"नको. शपथ नको." तिने स्टूल ओढले आणि त्याच्या समोर बसली. "हे बघा. वरून एक नळी येते. इथे, मध्यावर, तिला दोन फाटे फुटतात. हा मी साफ केला. आणि हा..." तिचे बोट दुसऱ्या रेघेवर थांबले. "हा मी पाहिलाच नाही. सरळ फोटोत तो याच्या मागे होता. चहा लागला की हाच दुखतो."

हरेश्वर फिल्मकडे बघत राहिला. त्याला त्यातले काही कळले नसावे. पण एक कळले.

"म्हंजे मी दोरा धरला नव्हता."

"नव्हता धरला. चहाचं तुम्ही सांगितलंत तेव्हाच मी थांबायला हवं होतं. मी धागा शोधत बसले. चुकलं माझं, काका."

हरेश्वर एवढेच म्हणाला, "मंग चिमटा उचला तो हितून. बघवत नाय."

मित्रांनो, फाटा दिसणे वेगळे आणि त्यात शिरणे वेगळे. शुभाने सगळ्यात बारीक सुई घेतली, तिचे टोक नखावर दाबून किंचित वाकवले आणि जिभेच्या बाजूची भिंत चाचपत आत उतरली. सुई सरळ फाट्यातच जायची. पुन्हा काढायची, पुन्हा वाकवायची. मी ओरडत होतो, इकडे, अजून थोडे खाली, जिभेकडे! बाहेर माझे ओरडणे म्हणजे नुसता ठणका. शुभाच्या कपाळावरचा घाम चष्म्यावर उतरला. एकदा टोक फाट्याच्या तोंडाला लागले आणि निसटले. दुसऱ्यांदा लागले, आणि या वेळी तिने हात हलवलाच नाही. श्वास धरून सुई अगदी हलके पाव वळण फिरवली.

हरेश्वरने खुर्चीचा हात असा आवळला की स्क्रू कुरकुरला.

"हाच ना?" शुभाने विचारले.

"तोच!" तोंडात सुई असताना जेवढे बोलता येईल तेवढे तो बोलला.

तिने भूल दिली. मग ती सडकी नस बाहेर आली, केसासारखी, करडी. मागोमाग औषधी पाणी त्या फाट्यात पहिल्यांदा उतरले. शुभाने दोन्ही फाट्यांत एक-एक सुई ठेवून पुन्हा फोटो घेतला, या वेळी मुद्दाम तिरका. दोन सुया माझ्या मुळात काट्या-चमच्यातल्या काट्यासारख्या दिसत होत्या.

भूल उतरल्यावर, बस येण्याआधी, हरेश्वर एका टपरीपाशी थांबला. "कडक. एकदम गरम," त्याने सांगितले. पहिला घोट त्याने मुद्दाम उजव्या बाजूला घेतला आणि डोळे मिटून थांबला.

मी गप होतो.

त्याने दुसरा घोट घेतला. मग पुढची बस सोडून दिली आणि आणखी एक चहा मागवला.

त्याच आठवड्यात शुभाने माझे दोन्ही फाटे गुलाबी, रबरासारख्या काड्यांनी बंद केले. धातूची टोपी नंतर बसवायची होती. त्या दिवशी मथुराही आली होती. जाताना शुभा तिलाच म्हणाली, "दात वाचला. पण आता तो आतून कोरडा आहे. वाळक्या फांदीसारखा. जेवायला चालेल. दोरा ओढाल तर उभा फुटेल, आणि मग मी काही करू शकणार नाही. दोरा आता कायमचा बंद."

हरेश्वरचा चेहरा उतरला. मी हे सगळे ज्याच्यासाठी सोसले तेच हातातून गेले होते. मी वाचलो होतो आणि माझे काम गेले होते.

"मंग खोला मढलाच जातंय," तो म्हणाला.

"कनाला?" मथुरा म्हणाली. "माजे हात काय भाड्यानं दिलेत? गाठ धराचीच हाय ना? मी धरतंय."

"जालं पुरुषांनी विनाचं असतं, मथुरे."

"आनि मासे विकाचे बायांनी. तुजा तो दात बाई होता का पुरुष?"

हरेश्वरने माझ्यावरून जीभ फिरवली. ते मलाही आजवर कळलेले नाही.

हे कळल्यावर धर्माने मढच्या माणसांना नुसता चहा पाजून परत पाठवले, आणि संध्याकाळपासून मथुरा बाजारातून आली की ओट्यावर बसू लागली. हरेश्वर सुई चालवायचा, ती चिमटीत गाठ धरायची. कोळीवाड्यात हसायला निमित्त मिळाले. समोरच्या ओट्यावरून कुणीतरी ओरडले, "धर्मा, तुजी वयनी जालं विनते, तू टोपली घे डोक्यावर!"

"पाठव त्याला!" मथुरा मान वर न करता म्हणाली. "एक गिराईक झेपाचं नाय त्याला. शंभर माश्यांचे कल्ले उचलून बघतील बाया, आनि घेतील एक मांदेली."

सुरुवातीच्या गाठी ढिल्या आल्या. हरेश्वरने सोडल्या. मथुरेने पुन्हा धरल्या. मधूनच घाईत, सवयीने, हरेश्वरचा हात दोरा घेऊन तोंडाकडे यायचा. ओठ उघडायचे. निळा दोरा माझ्यापर्यंत येऊन थांबायचा. मग तो दोरा बाजूला व्हायचा आणि मथुरेच्या बोटांत जायचा. माझ्या माथ्यावरची खाच शुभाने भरली होती, तरी मला ती तिथेच आहे असे वाटायचे.

नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी खोला होडीवर चढला. धर्माने शेवटच्या हातभर भागातल्या गाठी नखाने खरवडल्या, एक-एक करून, वेळ घेऊन.

"ही दातानं मारलेली नाय," तो म्हणाला.

त्याने तीच गाठ दोन्ही हातांनी ओढून पाहिली.

"पन सरकत नाय," धर्मा म्हणाला आणि जाळे आत ओढून घेतले.

आता या गोष्टीला पुष्कळ वर्षे झाली. माझ्या डाव्या बाजूचा जुळा भाऊ मागेच गेला. मागच्या दाढाही गेल्या. मी टोपी घालून अजून उभा आहे. भाकरी चावतो, चहा पितो. माझ्यात आता नस नाही, त्यामुळे गरम-गार काही कळत नाही. कधीकधी एवढेसे दुखावे असे वाटते, पण ते जाऊ द्या.

मित्रांनो, तुमच्या तोंडात माझे नातेवाईक आहेत. सोडावॉटरची झाकणे, वेफरच्या पिशव्या, पतंगाचा मांजा, हे त्यांचे काम नव्हे. ते नाही म्हणत नाहीत, म्हणून त्यांना द्यायचे असे नसते. आणि त्यांच्यातला एखादा दुखतो आहे असे कुणी सांगितले, आणि सरळ बघून तुम्हाला काहीच दिसले नाही, तर त्या माणसाला खोटा ठरवू नका. जरा बाजूला सरका आणि पुन्हा बघा.

हरेश्वर अजून ओट्यावर बसतो. हात थरथरतात, तरी सुई चालते. मथुरा समोर बसते. आजसुद्धा दोरा चुकून माझ्यापर्यंत येतो, टोपीला लागून बारीक टक असा आवाज होतो, आणि मथुरा न बघता हात पुढे करते.